मागच्या दाराचा सेन्सर

१

निकेश घरतने तो रविवार या एकाच कामासाठी राखून ठेवला होता. तळोज्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात तो इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होता. टाक्यांवर, पाइपांवर सेन्सर बसवायचे, दर महिन्याला तपासायचे आणि खोटं बोलायला लागले की काढून टाकायचे, हे त्याचं रोजचं काम. त्यामुळे आईबाबांच्या घरी अलार्म बसवायला बाहेरचा माणूस बोलावणं त्याला कमीपणाचं वाटलं. त्याने खोकं मागवलं, ड्रिल आणि स्टूल घेतलं आणि दहाच्या सुमारास तो गावात पोचला.

पळस्प्याला गोव्याचा रस्ता फुटतो, तिथून थोडं पुढे डावीकडे त्यांचं गाव. पंधरा दिवसांपूर्वी शेजारच्या भीमाबाईंकडे भरदुपारी चोरी झाली होती. सगळे हळदीला गेले होते, आल्यावर बघतात तर कपाट उघडं. ते ऐकल्यापासून निकेशच्या बायकोने, दिपिकाने, एकच धोशा लावला होता. "एक तर त्या दोघांना इकडे खांदा कॉलनीत आण, नाहीतर तिकडे काहीतरी बसव. मला झोप लागत नाही."

इकडे यायला बाबा तयार नव्हते. गाव त्यांना दाजी म्हणायचं. उमेदीची वर्षं मिठागरावर गेली, मग शेती केली, मग शेतीही गेली. आता गुडघा धरलेला, पण तोंड शाबूत.

"काय रं निक्या, चोर आला तं ह्या डबडा काय त्याला पकडनार हाय?"

"पकडणार नाही बाबा. बोंब मारेल."

"बोंब तं मी पन मारतू."

आई गच्चीवरून हसली. ती करंज्याच्या बंदरावरून आणलेली सुकट मासळी उन्हात पसरत होती आणि तिचा वास जिन्यावरून खाली मधल्या खोलीत उतरला होता.

घर साधं होतं, लांबट. पुढे हॉल, मग मधली खोली, मग स्वयंपाकघर, मग पडवी आणि पडवीला मागचं दार. सगळी दारं एका रेषेत. पुढच्या उंबऱ्यावर उभं राहिलं की थेट मागच्या दारापर्यंत नजर जायची. मधल्या खोलीतून गच्चीवर जायला जिना. निकेशने प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यात एक हालचाल ओळखणारा सेन्सर बसवला आणि दोन्ही दारांना चौकटीवर एक आणि फळीवर एक असे चुंबकाचे तुकडे चिकटवले. जिन्यासाठीही एक सेन्सर होता, तो त्याने जेवणानंतरवर ठेवला.

मागच्या दाराला तो शेवटी पोचला. कडी गंजली होती. खाली आडवा अडसर होता, त्यावर धूळ. हे दार दोन वर्षांत कोणी उघडलं नव्हतं. त्यापलीकडे एकेकाळी त्यांचं भातशेत होतं. आता गोडाऊनवाल्यांनी लाल मातीचा भराव टाकला होता, पंधरावीस पावलांवर, दोन पुरुष उंच. बाबा त्या बाजूला फिरकतही नसत.

२

सगळे सेन्सर हॉलच्या भिंतीवरच्या पॅनलला जोडून झाल्यावर निकेशने चाचणीचा मोड लावला. या मोडमध्ये सेन्सरसमोरून कोणी गेलं की त्याचा छोटा लाल दिवा लागतो आणि मोबाईलवर नोंद येते, खोलीचं नाव आणि वेळ. दिपिकाच्या फोनवरही तेच ॲप होतं. ती घरबसल्या नोंदी बघणार होती.

निकेश स्वतः सगळ्या खोल्यांतून फिरला. दिवे लागत गेले. आईला खाली बोलावून फिरवलं, तिलाही दिवे लागले. ती पुन्हा गच्चीवर गेली. बाबा हॉलमध्ये खुर्चीत बसले होते, त्यांना उठवायची काही गरज नव्हती.

तो पॅनलचं झाकण लावत होता आणि मधल्या खोलीतला दिवा लागला.

खोलीत कोणी नव्हतं. दारातून अख्खी खोली दिसत होती. पलंग, कपाट, खिडकीचा पडदा. अकरा छत्तीस.

पडदा असेल, असं त्याला वाटलं. उन्हाने तापलेला पडदा हलला तर असा सेन्सर फसू शकतो. तो गेला, पडदा बांधून ठेवला, खिडकी लावली. पाल आहे का ते पलंगाखाली वाकून बघितलं. मग परत येऊन झाकणाचे स्क्रू पिळायला लागला.

थोड्या वेळाने बाबा खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. "माजी डबी रायली आत." गुडघा सांभाळत ते मधल्या खोलीत गेले, कपाटावरची चुन्या-तंबाखूची डबी घेतली, तिथेच उभं राहून मळली आणि परत आले.

दिवा लागला नाही.

निकेश स्क्रूड्रायव्हर हातात धरून बघत राहिला. माणूस त्या सेन्सरच्या पुढून दोनदा गेला होता. मधे मिनिटभर त्याच्या खालीच उभा होता. अकरा अठ्ठेचाळीस.

"बाबा, परत एकदा आत जा बघू."

"कशाला?"

"जा ना. टेस्टिंग आहे."

बाबा कुरकुरत गेले, पलंगावर बसले, उठले, आले. दिवा नाही. निकेश स्वतः दारात गेला. लाल. मागे सरला, पुन्हा पुढे झाला. लाल.

त्यात अर्थ लावण्यासारखं होतं. असले सेन्सर माणूस बघत नाहीत, अंगाची ऊब बघतात. एप्रिलच्या उन्हात भिंतच अंगाइतकी तापली, की ऊब वेगळी कळत नाही. बाबांचं अंग वाळलेलं, चाल हळू. हे सगळं पटण्यासारखं होतं. फक्त नोंदींच्या यादीत अकरा छत्तीसच्या खाली, अकरा सदतीस आणि अडतीसलाही ओळी होत्या. मधली खोली, मधली खोली. त्या वेळी तो पलंगाखाली वाकला होता, त्या त्याच्याच असणार असं त्याने ठरवून टाकलं.

३

तरी कारखान्यातली सवय गेली नाही. मधल्या खोलीतला सेन्सर काढून त्याने स्वयंपाकघरात लावला आणि स्वयंपाकघरातला इकडे आणला. दोष सेन्सरचा असेल तर तो सेन्सरबरोबर जागा बदलेल.

बारा वीसला आधी मधल्या खोलीतला, लगेच स्वयंपाकघरातला दिवा लागला. आत कोणी नव्हतं. आई गच्चीवर, बाबा खुर्चीत, तो स्वतः स्टुलावर.

या वेळी तो उठला नाही. खोक्याचा एक पुठ्ठा फाडला, खिशातली पेन्सिल काढली आणि वेळ लिहिली. मग वाट बघत राहिला, कशाची ते त्यालाही सांगता आलं नसतं.

बारा बत्तीसला बाबा म्हणाले, "तहान लागली बा," आणि उठून स्वयंपाकघरात गेले. माठावरचं झाकण वाजलं. गटगट पाणी प्यायल्याचा आवाज आला. दोन्ही दिवे विझलेलेच होते.

निकेशने पुठ्ठ्यावर तीही वेळ लिहिली. वरची ओळ बघितली. मग मोबाईलवर सकाळची नोंद काढून बघितली. अकरा छत्तीस, आणि बाबा डबी आणायला गेले ते अकरा अठ्ठेचाळीसला. बारा वीस, बारा बत्तीस.

त्याने दिपिकाला फोन लावला.

"तुझ्याकडे स्वयंपाकघराची नोंद किती वाजता आली?"

"थांब हां. बारा वीस. का रे?"

"त्यानंतर?"

"त्यानंतर काही नाही. आत्ता बारा पस्तीस झालेत. निकेश, चालतंय ना सगळं?"

"चालतंय. म्हणजे... बाबा आत्ता स्वयंपाकघरात गेले होते."

"मग तेच आलं असेल ना. थोडं मागेपुढे."

"मागाहून आलं असतं तर कळलं असतं गं. हे आधी आलंय."

ती म्हणाली, "जेवलास का तू? उन्हात काम करतोयस सकाळपासून."

तिचंही चूक नव्हतं. फोन ठेवल्यावर तो स्वतःलाच समजावत बसला. यंत्राला उशीर होतो. वायर लांब असते, सिग्नल अडतो, मीटर मागे पडतो. पुढे कुठलाच मीटर धावत नाही, कारण जे झालंच नाही ते मोजणार काय? शिवाय बाबा दिवसभर या खोलीतून त्या खोलीत करतच असतात. खोटा दिवा कुठेही लागला तरी दहापंधरा मिनिटांत ते तिकडे जाणारच. बारा मिनिटं दोनदा आली, एवढंच. दोनदा काहीही होऊ शकतं.

४

जेवताना आईने विचारलं, "बसला का रं तुजा?"

"होतंय. एक जिन्यातला राहिलाय."

"जिन्यात कशाला? चोर काय गच्चीवरनं येनार?"

"येतात."

जिन्यात लावायला त्याला आणखी एक कारण होतं, ते त्याने सांगितलं नाही. बाबा वर्षभरात जिना चढले नव्हते. गुडघ्याच्या डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं आणि बाबांना स्वतःलाही ते जमत नव्हतं. तिथे दिवा लागला तर तो नुसताच खोटा दिवा ठरला असता. मग अख्खा संच खोक्यात भरून परत पाठवायचा, असं त्याने मनाशी पक्कं केलं.

सेन्सर जिन्याच्या वळणावर लावून तो खाली उतरला. भांडी घासून आई पुन्हा वर गेली होती. बाबा हॉलमध्ये डोळे मिटून बसले होते. एक एकेचाळीसला फोन थरथरला. मधली खोली. लगेच पुन्हा. जिना.

निकेशला जरा हायसंच वाटलं. त्याने पुठ्ठ्यावर वेळ लिहिली आणि बाबांच्या समोर स्टूल ओढून बसला. पंखा कट्‌कट् आवाज करत फिरत होता. बाहेर गोव्याच्या रस्त्यावरून ट्रेलर जात होते. दहा मिनिटं गेली. बाबांचा तोंडाने श्वास चालला होता, मान खुर्चीच्या पाठीवर टेकलेली.

वरून आई किंचाळली. "मेला बोका! अवो, या हो कोनीतरी! अख्खी पाटी लोटली यानी!"

निकेश उठायच्या आत बाबा उठले होते. झोपेतून ताडकन. "थांब, तुज्या बोक्याची..." म्हणत कोपऱ्यातली काठी घेऊन ते सरळ जिन्याकडे गेले. एक पायरी, दुसरी, कठड्याला धरून तिसरी.

"बाबा! गुडघा!"

ते वळणावरून वर गेले. निकेश खाली उभा राहून सेन्सरकडे बघत होता. काळ्या काचेच्या त्या तुकड्यापुढून त्याच्या बापाचा खांदा, पाठ, काठी गेली. दिवा लागला नाही.

हातातल्या फोनवर एक त्रेपन्न झाले होते.

५

दोनच्या पुढे आई सुकटीची एक पिशवी घेऊन भीमाबाईंकडे गेली. "चोरी झाल्यापास्नं ती बाय जेवत नाय धड," ती म्हणाली. "बसतंय जरा तिच्याजवल."

बाबा खाली येऊन खुर्चीत बसले होते, गुडघा चोळत, बोक्याला शिव्या देत. निकेश त्यांच्याकडे बघत राहिला. काय बघायचं हे न कळून बघत राहिला. त्यांच्या बनियनला बगलेशी एक भोक होतं. खांद्यावर नेहमीचा निळा टॉवेल. गालावर दोन दिवसांची पांढरी खुंटं. त्याने उगाच हात पुढे करून त्यांच्या दंडाला लावला.

"काय रं?"

"काही नाही."

दंड गरम होता. घामाने चिकट.

दोन चोवीसला फोन थरथरला. मधली खोली. तो वळून बघेपर्यंत पुन्हा. स्वयंपाकघर. उघड्या दारांमधून त्याला दिसलं, एकामागून एक लाल ठिपका लागला आणि विझला, जसं कोणी न थांबता चालत जावं. पडवी. मग एक वेगळा आवाज, दाराच्या नोंदीचा, जो दिवसभरात त्याने फक्त चाचणीसाठी पुढचं दार उघडून ऐकला होता.

मागचं दार. उघडलं. दोन पंचवीस.

तो धावत गेला. दार बंद होतं. वर कडी, खाली अडसर. सकाळी त्याने पुसलेली जागा सोडली तर बाकीच्या अडसरावर धूळ तशीच होती. चुंबकाचे दोन्ही तुकडे बोटभरही अंतर न ठेवता शेजारी होते. फोनवर मात्र उघडं दार दाखवत होतं. त्याने सेन्सरची बॅटरी काढली, परत घातली. उघडं. त्याने तळहाताने दार दाबलं. लाकूड तापलेलं होतं.

तो तिथेच उभा राहून पुढच्या नोंदीची वाट बघायला लागला. दार उघडून माणूस बाहेर जातो, परत येतो, दार लावतो. पडवीत येतो, स्वयंपाकघरात येतो. फोन गप्प होता. एक मिनिट गेलं, दोन गेली. परत येण्याची एकही ओळ आली नाही.

मग त्याने दोन्ही वेळांत बारा-बारा मिनिटं मिळवली. दोन छत्तीस. दोन सदतीस.

६

हॉलमध्ये येऊन त्याने स्टूल बाबांच्या इतकं जवळ ओढलं की गुडघ्याला गुडघा लागला.

"बाबा, मिठागरावर तुम्ही किती वर्षं होता?"

"आता काय काढलास?"

"सांगा ना."

बाबांना सांगायला आवडायचं. खाडीचं पाणी कुठल्या भरतीला आत घ्यायचं, एका खाचरातून दुसऱ्या खाचरात कधी सोडायचं, पाणी मिठाला पिकलं की नाही हे बोटाने कसं कळायचं. "आता तुमी मशिना लावता. आमी जिभंला लावायचो," ते म्हणाले. निकेश हूं हूं करत होता. डोळा फोनवर होता. दोन एकतीस. सोबत जावं, असं एकदा त्याच्या मनात आलं. उठले की आपणही उठू, हात धरून मागे जाऊ, काय आहे ते दोघं बघू. पण बाहेर उतरण, मातीचा भराव, बाबांचा पाय. आणि परत येण्याची ओळ नव्हती. ती ओळ नसणं त्याला सारखं दिसत होतं. नंतर कितीदा तरी त्याला वाटलं, सोबत जायला हवं होतं.

"...मंग बांधावर पाय देऊन आमी..." बाबा थांबले.

"पुढे?"

ते दारांच्या रांगेतून मागे बघत होते. नव्यानेच काही ऐकल्यासारखी त्यांची मान वळली होती.

"मी जरा मागं जाऊन येतू."

"मागे काय आहे?"

"काय हाय म्हंजे..." ते गोंधळले. कपाळावर आठ्या पडल्या. "आठवत नाय रं. जायाला पायजे पन."

"नंतर जाऊ. आई आली की जाऊ."

"सोड ना."

निकेशने त्यांचं मनगट धरलं होतं, हे त्यालाही तेव्हाच कळलं. बाबा उठायला लागले. त्याने दुसऱ्या हाताने त्यांचा खांदा दाबून धरला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने बापावर जोर केला होता. त्या वाळक्या अंगात अजून एवढी ताकद असेल असं त्याला वाटलं नव्हतं. खुर्ची फरशीवर करकरली.

"निक्या, सोड! सोड रं मना, उशीर होतंय!"

"कशाला उशीर होतोय? कुठे जायचंय तुम्हाला?"

त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्याच्याकडे बघतच नव्हते. खुर्ची पुन्हा करकरली. मग एकाएकी अंगातला जोर गेला. मनगट त्याच्या मुठीत सैल पडलं. बाबा मागे टेकले, टॉवेल नीट केला आणि शांतपणे म्हणाले, "बरं. बसतो मी."

निकेशने श्वास सोडला. फोनवर दोन सदतीस होते.

मागे, पडवीत, गंजलेली कडी सरकली.

७

आधी कडी, मग अडसर. अडसर भिंतीला टेकवून ठेवल्याचा आवाज आला, नेहमीच्या जागी, अलगद. घरातल्याच माणसाने ठेवावा तसा. मग दाराचं बिजागर वाजलं आणि दारांच्या रांगेच्या टोकाला पांढरा उजेड पडला.

एकही लाल दिवा लागला नाही. फोन गप्प होता.

निकेश बाबांचा हात सोडून गेला. मधली खोली, स्वयंपाकघर, पडवी. त्याच्या चालण्याने दिवे लागत होते आणि फोन थरथरत होता. दार सताड उघडं होतं. बाहेरच्या उन्हाने डोळे दिपले, मग हळूहळू भरावाची लाल माती दिसायला लागली.

भरावावर एक माणूस चढत होता. पांढरं बनियन, खांद्यावर निळा टॉवेल. डावा गुडघा न वाकवता, आधी उजवा पाय वर, मग डावा ओढून. बनियनला बगलेशी भोक आहे की नाही, ते एवढ्या लांबून दिसणं शक्य नव्हतं, पण निकेश तेच शोधत राहिला. माणूस अर्ध्यावर पोचला होता.

हाक मारायला त्याने तोंड उघडलं.

"निकेश," हॉलमधून बाबांचा आवाज आला. "कोण आहे?"

तो चौकट धरून उभा राहिला. पुढे बघितलं, मागे बघितलं. मागे, सगळ्या दारांपलीकडे, खुर्चीतून बाहेर आलेले दोन पाय दिसत होते, शेजारी शेजारी ठेवलेले. बाबांनी त्याला पूर्ण नावाने हाक मारली, हे तेव्हा त्याच्या ध्यानातही आलं नाही. त्याला एवढंच कळलं, की बाबा हॉलमध्ये आहेत. त्याने स्वतः त्यांना धरून ठेवलं होतं. मग तिकडे जो कोणी आहे, तो कोणी का असेना.

भरावावरचा माणूस थांबला. त्याने कमरेवर हात ठेवून दम घेतला, जसा बाबा घ्यायचे. मग तो घराकडे वळायला लागला. खांदा वळला, मान वळली, गालाची पांढरी खुंटं उन्हात चमकली.

निकेशने दार लावलं. कडी घातली, अडसर घातला आणि पाठ लावून उभा राहिला. फोन थरथरला. मागचं दार. बंद झालं. दोन एकोणचाळीस. ही नोंद अगदी वेळेवर आली.

बाहेरून कोणी दार वाजवलं नाही. हाक आली नाही. बराच वेळ ट्रेलरचे आवाज तेवढे येत राहिले. पाठीमागचं लाकूड गरम होतं आणि त्याला दार उघडायची छाती झाली नाही.

८

"पाणी देतोस का?" बाबा म्हणाले.

त्याने माठातून पाणी आणून दिलं. बाबांनी पेला ओठाला लावून सावकाश संपवला आणि पुसल्यासारखा स्वच्छ परत दिला. निकेश कुठे बसावं या विचारात असताना ते उठले. खुर्चीच्या हातांवर जोर न देता, सरळ. हॉलभर फिरले. भिंतीवरचे फोटो एकेक करून बघितले. निकेशच्या लग्नाच्या फोटोपाशी जरा जास्त थांबले. पॅनलकडे बघून म्हणाले, "छान बसवलंस."

ते सेन्सरच्या अगदी खाली उभे होते. दिवा विझलेला. निकेशने मोबाईलवर नोंदी वर खाली केल्या. बारा मिनिटांपूर्वी हॉलमध्ये त्याच्या स्वतःच्या ओळी सोडल्या तर काही नव्हतं. त्याआधीही नव्हतं. त्याने आपला हात वर करून हलवला. लाल. खाली घेतला, पुन्हा हलवला. लाल.

"काय करतोस?" बाबांनी विचारलं.

"टेस्टिंग," तो म्हणाला.

फोन वाजला. दिपिका होती. "अरे, मागचं दार एवढा वेळ उघडं दाखवत होतं. आता बंद झालं. कोण गेलं होतं?"

खुर्चीत परत बसलेल्या माणसाकडे तो बघत होता. पाय शेजारी शेजारी, हात मांडीवर. दुखऱ्या गुडघ्याला त्यांनी एकदाही हात लावला नव्हता.

"नंतर करतो," म्हणून त्याने फोन ठेवला.

पुढच्या अंगणात चपला वाजल्या. आई भीमाबाईंकडून परत आली होती. मोकळी पिशवी झटकत, स्वतःशी काहीतरी बोलत ती पायऱ्या चढली आणि उंबऱ्यावर आली. हॉलमधला सेन्सर तिला बघून लाल झाला.

तिने आत बघितलं आणि पाय तिथेच थांबला. पिशवी धरलेला हात वर गेला. परक्या पुरुषापुढे घ्यावा तसा तिने डोक्यावरून पदर घेतला, चेहरा जरा वळवला आणि निकेशला दबक्या आवाजात विचारलं, "कोन पावनं आलंत रं? आनि हे कुटं गेलं?"



खुर्चीतला माणूस अदबीने उठून उभा राहिला आणि त्याने तिला हात जोडले.

"या, बसा," तो म्हणाला. "येतील ते एवढ्यात."